दाजींचा सहावा खंड

ज्या कादंबरीचा जेमतेम दीड खंड मी वाचला होता, ती सगळीच्या सगळी वाचा म्हणून मी दाजींना दिली. तिचा शेवटचा खंड लेखकानं अजून लिहिलेलाच नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

माझ्या धंद्याकडं पाहिलं तर यात नवल वाटायचं कारण नाही. मी विम्याचा एजंट आहे. स्वतः न वाचलेला कागद समोरच्यापुढं सरकवायचा, बोटानं सहीची जागा दाखवायची आणि 'पुढचं मी बघतो' म्हणायचं, यावर माझी पोरं शिकली. पण विम्याच्या कागदाला निदान शेवटचं पान तरी असतं.

परवा सकाळी कारखान्याचा भोंगा झाला. यंदाच्या गळीत हंगामाचा पहिला. राहुरीच्या अलीकडच्या आमच्या गावात भोंगा म्हणजे घड्याळ, कॅलेंडर आणि वर्तमानपत्र असं सगळं एकदमच. तो झाला की आठवड्याभरात हवेला मळीचा आंबूस-गोड वास चढतो. दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर चिमणीतल्या राखेचे काळे कण येऊन बसतात, आणि ते झटकायचे नसतात, फुंकायचे असतात, नाहीतर रेघ ओढली जाते. पाथर्डीकडून तोडणीवाल्यांच्या जीपा येतात, गावाबाहेर त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या राहतात, आणि नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अशा हलत-डुलत चालू लागतात, की मागच्या माणसानं आयुष्याचा विचार करावा. परवा भोंगा झाला आणि माझा हात आपोआप गाडीच्या किल्लीवर गेला. मग मी तो मागं घेतला.

मागचा हंगाम माझ्या अंगातून अजून उतरलेला नाही.

दाजी म्हणजे सुशीताईचे, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून गेली. बोलणं मोजकं, जेवणं मोजकं, हसणं तर नळीत धरून मोजावं इतकं. आमच्याकडं बायकोच्या भावाला पाहुणे म्हणतात. दाजींच्या तोंडून तो शब्द ऐकला की आपण फार दिवस मुक्काम केला असं वाटतं.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. आठवड्यातून तीनदा नगरला डायलिसिसला न्यायचं ठरलं. घरात गाडी चालवणारा आणि कधीही मोकळा असणारा माणूस मी एकटा, त्यामुळं सारथ्य माझ्याकडं आलं. दवाखान्यात गेल्यावर आधी वजनकाट्यावर उभं राहायचं, मग चार तास खुर्चीत, हातात दोन सुया, आणि निघताना पुन्हा काट्यावर. पहिल्याच दिवशी दाजी म्हणाले होते, की आपली गत ट्रॉलीसारखी झाली, भरून यायचं, रिकामं जायचं, काटा दोन्ही वेळा. नर्स हसली. मीही हसलो. सुशीताईला मी ते घरी सांगितलं तेव्हा ती हसली नाही.

पाणी मोजून. हे फार वाईट होतं. सगळ्या रस्त्याला रसवंत्या, चरकाला बांधलेले घुंगरू, बर्फावर पडणारा हिरवा रस, आणि ज्या माणसानं जन्मभर रसाचं तापमान आणि गोडी तपासली तो माझ्या शेजारच्या सीटवर तोंडात बर्फाचा एक खडा धरून बसलेला. खिडकी लावू का, असं मी विचारायचो. ते म्हणायचे, वास घ्यायला डॉक्टरनं बंदी केलेली नाही.

काही आठवडे असे गेले, आणि एका दुपारी घरी उतरताना, पेपर घडी घालून ठेवावा तशा आवाजात त्यांनी सांगितलं, की आता बास झालं. रागानं नाही, रडून नाही. हातावरची पट्टी नीट दाबली आणि आत गेले.

सुशीताईनं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. तिच्या हातात पिठाचं भांडं होतं आणि ती ते उगाचच हलवत होती. म्हणाली, "शम्या, जन्मभर लोकांना नको ते गळ्यात मारलंस. एकदा माझ्यासाठी एवढं मार."

मी बाहेर जाऊन दाजींपुढं बसलो आणि ज्या काही युक्त्या मला येत होत्या त्या सगळ्या वापरल्या. नातवंडं काढली, देव काढला, ताईचं वय काढलं. दाजी ऐकत होते, म्हणजे त्यांचे डोळे माझ्याकडं होते. तेवढ्यात लांबून कारखान्याचा भोंगा झाला, पाळी बदलायचा. त्यांनी मान तिकडं वळवली. लॅबमध्ये असताना या माणसानं हंगामात कधी रजा घेतली नव्हती. सख्ख्या मेव्हणीच्या लग्नाला अक्षता टाकायच्या तेवढ्या वेळापुरते आले होते, आमच्यात अक्षता नसतात तरी. (आम्ही ख्रिस्ती. पण घाईला दाजींच्या बाबतीत हाच शब्द घरात रुळला आहे.) हंगाम सुरू असताना कारखान्याचा माणूस जागा सोडत नाही, आजारी पडत नाही, आणि जमलं तर मरतही नाही. ते सगळं पट्टा पडल्यावर, म्हणजे शेवटचा ऊस गाळून कारखाना बंद झाल्यावर.

दाजी म्हणाले, "पट्टा पडेपर्यंत येतो. त्याच्यापुढं मला कुणी विचारायचं नाही."

झालं. त्या दिवसापासून मी जिल्ह्यातला एकटाच माणूस असेन, जो उभा ऊस बघून सुखावत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस भिंतीसारखा उभा होता आणि मी मनात म्हणत होतो, एवढा तुटायला किती दिवस लागतील. एखादं शेत मोकळं दिसलं की मी मान दुसऱ्या बाजूला वळवायचो. लोक राशिभविष्याचं पान आधी वाचतात तसा मी पेपरात गळिताच्या बातम्या वाचायचो. ऊस कमी आहे, कारखाने लवकर बंद होतील, अशी एक बातमी आली, तर मी तो पेपर दाजींच्या हाती लागू नये म्हणून ढुंगणाखाली घेऊन बसलो. एका चहाच्या टपरीवर एक शेतकरी सांगत होता की तोडणीच येईना, उसाला तुरे आले, आणि ऐकता ऐकता माझा चेहरा उजळला असावा. तो म्हणाला, "दात काय काढतो रं? माझं वाळून चाललंय तिकडं." त्याला काय सांगणार? की बाबा, तुझा ऊस उभा आहे तोवर माझी बहीण सवाष्ण आहे?

पण ऊस आपल्या हातात नसतो. म्हणून मी कादंबरीकडं वळलो.

हे माझं जुनं वेड. शापित राजे, हाडांचे किल्ले, रक्त पिणाऱ्या नद्या, नकाशात नसलेले देश. पुस्तक उशाला ठेवता येईल इतकं जाड हवं, आणि पहिल्या पानावर नकाशा हवा. घरात याला पोरकटपणा म्हणतात. मी मात्र भेटेल त्याला या कादंबऱ्या सुचवत आलो. दूध डेअरीच्या एका चेअरमनना मी ड्रॅगनची तीन खंडांची एक कादंबरी आग्रहानं दिली होती. महिन्यानं परत करताना त्यांनी एवढंच विचारलं, की याच्या खुराकाचं कोण बघतं? माझ्या शिफारशींना मिळालेला तो सर्वांत सविस्तर अभिप्राय.

दाजींनी आयुष्यात कादंबरी वाचली नव्हती. पवित्र शास्त्र, पेपर आणि साखरेवरची इंग्रजी मासिकं. खोटं कशाला वाचायचं, असं त्यांचं म्हणणं. माझा डाव साधा होता. सहा खंडांची, प्रत्येक खंड विटेएवढा, अशी एक अंधारी कादंबरी-मालिका माझ्या कपाटात होती, म्हणजे दोन खंड कपाटात होते आणि बाकीचे मागवता येणार होते. खुर्चीतले चार-चार तास. वाचायची सवय नसलेला माणूस. पट्टा पडेल तेव्हा हे तिसऱ्या खंडात असतील, राजा वेढ्यात असेल, राणीनं कुणाला तरी विष दिलेलं असेल, आणि अशा ठिकाणी माणूस उठून जात नाही. जाड पुस्तक कुणाला सुचवणं म्हणजे त्याला तेवढे दिवस थांबायला सांगणं, एवढं मला या वेडातून कळलं होतं. मालिकेचं इंग्रजी नाव तोंडात मावत नव्हतं. आम्ही घरात तिला 'आग' म्हणू लागलो.

गोष्ट अशी. एका देशात सूर्य मेलेला आहे. एका उंच बुरुजात एक आग तेवढी जळते, तिच्या उजेडावर सगळा मुलूख जगतो. ती आग लाकडावर जळत नाही, आठवणींवर जळते. तिच्यापुढं एक म्हातारा बसलेला असतो, तो रोज स्वतःची एक आठवण काढून आगीत टाकतो, आणि ती कायमची जाते. आईचा आवाज, पहिला पाऊस, बायकोचं नाव. खाली पाच राजे त्या बुरुजाच्या मालकीसाठी एकमेकांच्या मुंड्या उडवत असतात. म्हातारा एक शब्द बोलत नाही. जळण घालत राहतो.

दाजींनी पहिली पानं नाखुशीनं उलटली. दुसऱ्या खेपेला मी विचारलं, कसं वाटतंय. म्हणाले, राजे निरुपयोगी आहेत, पण फायरमन बरा आहे. कारखान्यात बॉयलरच्या भट्टीत जळण घालणाऱ्याला फायरमन म्हणतात. त्या क्षणापासून तो म्हातारा आमचा फायरमन झाला.

आणि मग माझा डाव फार नीट लागला, हीच पंचाईत झाली. दाजी हंगामी माणूस. एकदा वाचायला घेतलं म्हणजे पाळी सुरू झाली. एका हातात सुया, म्हणून पुस्तक दुसऱ्या हातानं धरायचं, ते पेलेना, तर त्यांनी मला समोर स्टुलावर बसवून पुस्तक धरायला लावलं. मी पुस्तकाचा स्टँड. पान उलटा म्हणायला ते फक्त भुवई वर करायचे. त्यामुळं मला पानाची मागची बाजू दिसायची आणि त्यांचा चेहरा. असा चेहरा मी फक्त एकदा पाहिला होता, फार पूर्वी, ते लॅबच्या सूक्ष्मदर्शकातून काहीतरी बघत असताना. तिसरा खंड नाताळाच्या आधी संपला.

पुढचा खंड यायला उशीर झाला तेव्हा मधल्या दिवसांत मी दुसऱ्या कादंबऱ्या सुचवून पाहिल्या. एकीत जादूगार लोकांचं रक्त काढून, धुऊन, परत घालत होते. ती मी फार उत्साहानं दिली होती. दाजींनी दहा पानं वाचली, शेजारच्या मशीनकडं पाहिलं आणि पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. दुसरीत नायक पहिल्या प्रकरणात मरतो आणि उरलेलं पुस्तक त्याचं प्रेत बोलतं. ती मी आधी स्वतः चाळायला हवी होती.

नाताळात पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले. पलंगावर चौथा खंड, मुखपृष्ठावर शिंगं असलेली कवटी. मी पुस्तकावर उशी टाकेपर्यंत त्यांनी ते उचललं होतं. मी सांगितलं, इतिहासाचं आहे. त्यांनी उघडलं, उभ्या उभ्या वाचू लागले, मग बसले. ताईनं चहा आणला, तो गार झाला. शेवटी दाजीच म्हणाले, की साहेब, प्रार्थना करून घ्या, पुस्तक मला लागणार आहे. जाता जाता पाळकसाहेबांनी फाटकाशी मला बाजूला घेतलं आणि दाजींच्या तब्येतीबद्दल खालच्या आवाजात विचारलं. मग म्हणाले, वेळ आली तर चार शब्द बोलायला तुम्ही आहातच. ते मला टोचलं, पण त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्यात मातीच्या वेळी घरच्यांपैकी कुणीतरी उभं राहून गेलेल्या माणसाबद्दल बोलतं, आणि माझी जीभ बघून नातेवाइकांनी ते काम मला कायमचं देऊन टाकलं आहे. एका मामांच्या मातीला मी त्यांच्या निर्व्यसनीपणावर असा रंगून बोललो होतो, की मागं उभी असलेली त्यांची मित्रमंडळी टोप्या तोंडावर धरून हसली. दाजी त्या दिवशी माझ्या शेजारीच उभे होते. घरी येईपर्यंत माझ्याकडं पाहत होते.

पाचवा आणि सहावा खंड एकदम मागवावा म्हणून मी नगरच्या पुस्तकवाल्याला फोन केला, तेव्हा कळलं. तो म्हणाला, सहावा कुठला? सहावा आलाच नाही. किती वर्षं लोक थांबलेत. लेखक दरवर्षी सांगतो, होत आलं म्हणून. मुखपृष्ठावर छापलेलं 'सहा खंडांत' हे त्याचं वचन होतं, माल नव्हता. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. शेजारून ट्रॉल्या जात होत्या आणि पोरं मागून लोंबकळून ऊस ओढत होती. समोरचं शेत तुटलेलं होतं. इतके दिवस उसामागं झाकलेला डोंगर पलीकडं उघडा पडला होता.

त्या काळात मी दोन माणसांच्या आयुष्यासाठी रोज प्रार्थना करत होतो. एक दाजी आणि दुसरा तो लेखक, ज्याला मी आमेन म्हणून झाल्यावर लगेच शिव्याही द्यायचो. मी त्याला पत्रही लिहिलं, मेलवर. विम्याची इंग्रजी मला चांगली येते. आमचे पेशंट अमुक स्थितीत असून आपल्याकडील प्रलंबित खंडाची प्रत, कच्ची असली तरी, त्वरित मिळावी, अशा अर्थाचं. उत्तर लगेच आलं, त्यानं माझे आभार मानले होते आणि यापुढं माझ्याकडं त्याच्या बातम्या नियमित येतील असं कळवलं होतं. त्या अजून येतात. त्यांतून तो आपल्या कादंबरीच्या नावाच्या टोप्या विकतो.

पाचवा खंड आला तो मी दडवला. कुरिअर संगमनेरला चुकून गेलं, असं सांगितलं. दाजींनी विरोध न करता पहिला खंड पुन्हा वाचायला घेतला. पार्सल मी ताईच्या कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं, कारण चोराला सुचतात त्या सगळ्या जागा मला मूर्खपणाच्या वाटत होत्या आणि ही नव्हती वाटली. ताईला ते तिसऱ्याच दिवशी सापडलं. तिनं मला विचारलं नाही. मी पुन्हा कपाट उघडलं तेव्हा पार्सलवर आणखी दोन साड्या होत्या.

लोक म्हणतात, असली पुस्तकं म्हणजे पळवाट. मी पळवाटा विकूनच मोठा झालो, त्यामुळं मला हा शब्द लागत नाही. पण त्या खुर्चीसमोर पुस्तक धरून बसल्यावर मला उलटं दिसलं. आमच्या घरात त्या हंगामात मरण हा शब्द कुणी काढत नव्हतं. जेवण, औषध, वजन, रस्ता, पाहुणे, सगळं बोलायचो. कुणी त्या शब्दाच्या आसपास गेलं की ताई ताटलीत काहीतरी वाढायची. आणि या पुस्तकांत तर लोक दुसरं काही बोलतच नाहीत. तिथं पानोपानी मरण, त्याच्यावर सभा भरतात, त्याच्याशी करार होतात, कुणी विषय बदलत नाही. दाजी फायरमनबद्दल बोलायचे. परत येताना विळद घाटात ट्रॉल्यांमागं अडकलो की हळूहळू बोलायचे. की त्याला आता बायकोचा चेहरा आठवत नसेल, तर तो जळण कुणासाठी घालतोय? की उजेड राहिला पण बघणारा राहिला नाही, तर त्याला काय उजेड म्हणायचं? की खालची माणसं त्याला थांब का म्हणत नाहीत? मी ट्रॉलीच्या मागच्या लाल फडक्याकडं पाहत गाडी चालवायचो. उत्तर दिलं असतं तर ते फायरमनबद्दल द्यावं लागलं असतं, आणि मला तेवढं धड खोटं येत नव्हतं.

होळीच्या आधी त्यांनी मला सरळ विचारलं, की संगमनेरहून पार्सल चालत निघालं असतं तरी एव्हाना आलं असतं. मी पाचवा खंड दिला. त्यांनी तो काही खेपांत संपवला. शेवटच्या पानावर फायरमनकडं एकच आठवण उरलेली असते. कसली, ते लेखक सांगत नाही. तो ती काढतो, हात पुढं करतो. पान संपतं.

दाजींनी भुवई वर केली. मी पान उलटलं. मागं कोरा कागद होता.

पुढचा खंड, एवढंच ते म्हणाले. मी म्हणालो, येतोय.

कारखान्यात तेव्हा शेवटचे आठ-पंधरा दिवस उरलेत अशी बोलवा होती. कोप्या मोडायला लागल्या होत्या. मग मी तो उद्योग केला, ज्याबद्दल घरात अजून माझ्याकडं बघून डोकं हलवतात. सहावा खंड मी स्वतः लिहिला. सगळा कुठला, शेवटाची अठरा पानं. इंग्रजीत. लेखकानं वाचकांसाठी नेटवर टाकली आहेत असं सांगायचं ठरवलं आणि झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणली. लिहिताना मी रडलो, हे मान्य करतो. मला ते इतकं सुंदर वाटलं होतं.

माझ्या शेवटात फायरमनचा हात आगीजवळ जातो आणि तेवढ्यात बुरुजाचं दार वाजतं. खालच्या मुलखातली सगळी माणसं रांगेनं वर आलेली असतात. बायका, पोरं, म्हातारे. आमच्या आठवणी घे म्हणतात, तुझी ठेव. रांग बुरुजाखाली, नदीपलीकडं, डोंगरापर्यंत. एक एक जण आपलं काहीतरी आगीत टाकतो. फायरमन उठून त्यांच्यापुढं भाषण करतो. शेवटी म्हणतो, अजून एक दिवस.

दाजींनी ती पानं खुर्चीत वाचली. मी समोर धरली होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघण्याच्या नादात पानं खाली नेत होतो, म्हणून त्यांनी दोनदा मला नीट धरा म्हणून खुणावलं. अठरावं पान झालं. त्यांनी डोळे मिटले. मशीनचा पिपाणीसारखा आवाज येत राहिला. काट्यावर उभे राहिले, गाडीत बसले. रस्त्यानं आम्हाला गुलाल उधळलेली एक ट्रॉली लागली, तोडणीवाले वर बसून हलगी वाजवत होते. त्यांच्या टोळीची शेवटची खेप.

घराच्या दाराशी उतरण्याआधी दाजी बोलले.

"पाच खंडांत हा माणूस तोंड उघडत नाही. तुमच्या अठरा पानांत गप्प बसत नाही."

मी म्हणालो, माझ्या कुठं, लेखकाच्या.

"राजा त्याला विचारतो, तुझा नॉमिनी कोण."

हा शब्द मी घातला होता. मला आजही तो तिथं चुकीचा वाटत नाही. सहज आला होता.

"आणि शेवटचं वाक्य सुशीचं आहे," दाजी म्हणाले. "रोज सकाळी मला तीच म्हणती."

त्यावर मी जे केलं ते एजंटाला शोभणारं नव्हतं. कुठलाही फायदा सांगितला नाही, कुणाची नावं काढली नाहीत. स्टेअरिंगवर डोकं ठेवलं आणि म्हणालो, "दाजी, मला शेवट करता येत नाही. तुम्ही असं मधेच उठू नका."

डोकं ठेवलं ते हॉर्नवर ठेवलं होतं. तो वाजत राहिला. ताई हातातलं काम टाकून दारात आली. दाजी उतरले, पानं काखेत धरली आणि तिला म्हणाले, की काही झालं नाही, पाहुण्यांनी भोंगा दिला.

त्याच आठवड्यात पट्टा पडला. शनिवारी शेवटचा भोंगा झाला, नेहमीपेक्षा लांब. रविवारी सकाळी तो नाही म्हणून सगळं गाव उशिरा उठलं, उपासनेला अर्धी बाकं रिकामी. दोरीवर कपडे पांढरेच राहिले. चिमणी होती तिथंच होती, पण तिच्यातून काही निघत नव्हतं, आणि मला त्या मोकळ्या आकाशाची इतकी भीती वाटली, की मी जेवायला बसलो तो चिमणीकडं पाठ करून.

सोमवारी मी गाडी घेऊन गेलो. विचारायचं नाही असं ठरलेलं होतं, म्हणून हॉर्न दिला नाही, हाक मारली नाही. इंजिन चालू ठेवून बसलो. ताई दारात उभी होती. ती माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं, जणू दोघांपैकी एकाच्या खिशात उत्तर होतं. मग आतून चपला घासत आल्याचा आवाज आला. दाजी बाहेर आले, मागचं दार उघडून नेहमीची पिशवी टाकली, पुढं बसले, काच खाली केली.

चला, म्हणाले.

मी का ते विचारलं नाही. उन्हाळाभर नाही, पावसाळाभर नाही. विचारलं तर त्यांनाही आठवेल, अशी भीती होती. आता ते वाळले आहेत, हाताची शीर दोरीसारखी वर आली आहे, पायऱ्या चढताना मधे थांबतात आणि दाराची चौकट बघत असल्याचं दाखवतात. यंदाचा भोंगा झाला, पण यंदा त्यांनी पट्टा पडेपर्यंत येतो असंही म्हटलेलं नाही. काहीच म्हटलेलं नाही. त्यामुळं मी ऊस बघायचं सोडून दिलं आहे, त्यांच्या चपला बघतो. दुसरं पुस्तक मात्र मागून घेतलं, पूर्ण झालेलं असेल तरच, अशी अट घालून. मी शेवटचं पान आधी फाडून आणून दाखवलं, तेव्हा विश्वास बसला.

काल परत येताना घाटात अडकलो. पुढं दोन ट्रॉल्यांची गाडी, तिच्यापुढं आणखी दोन, बाजूला रसवंतीचे घुंगरू. दाजींच्या तोंडात बर्फाचा खडा होता. ऊन तिरपं झालं होतं आणि उसाच्या शेंड्यांवर तुरे चमकत होते. आणि मला राहवलं नाही. मी विचारलं, की दाजी, पट्टा पडल्यावर त्या सोमवारी तुम्ही का आलात?

त्यांनी खडा या गालातून त्या गालात घेतला.

"माझ्या मातीला चार शब्द बोलायला तुम्हीच उभे राहणार ना, पाहुणे?"

मी म्हणालो, ताई म्हणाली तर राहावं लागेल.

"मग? तुमची ती अठरा पानं वाचल्यापासून मरायची हिंमत होत नाही."